नमुना क्रमांक सतरा

शमशुद्दीन मुकादम, मूळ बाणकोट,
सोहारला बावीस वर्षं,
जुन्या बॅटऱ्या फोडतात त्या यार्डात रात्रीचा राखणदार.
त्याने टोमॅटोचं रोप तुपाच्या रिकाम्या डब्यासकट
माझ्या टेबलावर ठेवलं
आणि टोपी काढून म्हणाला,
"ह्याला काय झाला, बाय?
खातो, पितो. अंगाला लागत नाय."

पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या.
विमान उतरताना वाद्या दिसतात ना खाली,
पिवळ्यात हिरव्या रेघा, तसं.
हे लोहाचं उपाशीपण, दापोलीला शिकवलं होतं.
पण लोह तर होतं मातीत, हवं तेवढं.
मूळ धुऊन पाहिलं:
खुंटलेलं, तपकिरी, टोकाशी जाडसर,
एकही पांढरा केस नाही.
तांबं दाराशी गर्दी करून उभं होतं
आणि रोप बसलं होतं पंगतीत,
वाढपी ओलांडून जातो त्या पानावर.

शुक्रवारी जागा बघायला गेले.
यार्डाच्या भिंतीमागे एवढासा तुकडा,
रांगेने चवळी, टोमॅटो, सगळी कशीबशी.
"माठ मात्र बघा," तो म्हणाला.
लाल माठ. गुडघ्याएवढा. माजलेला.
त्याने जुडी कापली,
अरबी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली,
पैसे काढले तर रागावला.

लसूण घातली, ओलं खोबरं.
भात लाल झाला. मी दोनदा वाढून घेतला.
चार पानं उरली होती.
सवयीने सुकवली, कुटली, आम्लात विरघळवली,
बाटलीवर लिहिलं: सतरा.

शिसं फारसं चढलं नव्हतं वर.
ते मुळाशीच राहिलं,
परक्याच्या ओटीवर अंग चोरून बसावं तसं.
कॅडमियम मात्र जस्ताचा सदरा घालून आलं.
फाटकावर कुणी नाव विचारलं नाही.
त्यात विहीर खारी.
मिठाने त्याचं बोट धरलं
आणि पार पानापर्यंत नेऊन सोडलं.
मला वाटलं, यंत्र चुकलं.
पुन्हा पातळ केलं, पुन्हा लावलं.
आकडा इथे लिहीत नाही.

टोमॅटोने निदान तोंड वाकडं केलं होतं.

सहा वर्षं तो माठ वाटत होता.
मलबारी आचाऱ्याला, ट्रकवाल्यांना,
रोजे सोडायला खोलीतल्या अकरा जणांना,
आणि यार्डाचा मालक याह्या, त्याच्या म्हाताऱ्या आईला,
तिची हाडं दुखतात म्हणून
जुडी वेगळी, कोवळी निवडून.

अहवाल एका बाजूने इंग्रजी, दुसऱ्या बाजूने अरबी.
त्याने दोन्ही बाजू बघितल्या
आणि परत माझ्याकडे.
मी म्हटलं, उपटून टाका. बकऱ्यांनाही घालू नका.
तो उलट्या बादलीवर बसला.
बराच वेळ कापसाची गिरणी चालावी तसा
बंदराकडून कसलासा आवाज येत राहिला.
"आजारी होता त्याला तुमच्याकडं आणला," तो म्हणाला,
"चांगला होता तो घरात ठेवला."

मगरिबच्या बांगेपर्यंत आम्ही उपटत होतो.
पिवळ्या पिशव्या, सात.
माझी नखं लाल. त्याचीही.
शेवटची पिशवी बांधताना
त्याने खिशातून पुडी काढली, आईने दिलेलं बियाणं,
दर हंगामात इथेच नवं धरलेलं.
"बियात पण उतरतो काय?"
थोडा, मी म्हटलं.
त्याने पुडी उघडली नाही,
टाकलीही नाही.

टोमॅटो अजून माझ्या टेबलावर आहे.
पानांवर लोहाचं पाणी फवारते,
मुळांना विचारत नाही.
काल शेंड्याला एक पान आलं, बऱ्यापैकी हिरवं.
त्याचं फळ कुणी खाणार नाही.
तरी मी खिडकीचा पडदा सरकवते,
आणि शुक्रवारी तो येतो,
डब्याकडे बघतो,
टोपी हातातच.